चामड्याचा गोफ पुस्तकावरून शिकायचा असेल तर: आधी वादीचं प्रकरण वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईत फ्लॅटमध्ये राहून चामड्याच्या आणि कच्च्या (न कमावलेल्या) कातड्याच्या वेण्या, गोल गोफ, गाठी शिकायच्या आहेत. सुरुवात चावीच्या गोफापासून आणि कमरेच्या पट्ट्यापासून, पुढे कुत्र्याची दोरी, जमलं तर आसूड. शिकवणारं जवळ कोणी नाही. इंग्रजी पुस्तकं बरीच दिसतात, त्यातली कोणती घ्यावीत आणि कोणत्या क्रमानं?

पहिल्या वर्षाला दोन पुस्तकं पुरतात. आधी डेव्हिड मॉर्गन यांचं ‘ब्रेडिंग फाइन लेदर’, मग ब्रूस ग्रँट यांचा १९७२ चा ‘एन्सायक्लोपीडिया ऑफ रॉहाइड अँड लेदर ब्रेडिंग’. बहुतेकजण उलटं करतात. ग्रँटचा जाडजूड ग्रंथ आधी मागवतात, त्यातली सोळा पेडांची वेणी पाहून हरखतात, बाजारातली तयार लेस आणतात आणि तिसऱ्या दिवशी सोडून देतात. वेणी चुकलेली नसते. वादी, म्हणजे विणायला कापलेली चामड्याची पट्टी, चुकलेली असते.

या कामात हाताचं निम्म्याहून जास्त कसब वादी काढण्यात आहे. वादी सगळीकडे एका रुंदीची, एका जाडीची, आधीच ताणून घेतलेली आणि कडा तासलेली असेल, तर साधी चौपेडी सुद्धा दागिन्यासारखी दिसते. वादी कुठे ४ मिलिमीटर, कुठे ५ आणि कुठे जाड असेल, तर कितीही अवघड नक्षी घाला, गोफ गाठाळच दिसणार. म्हणून पुस्तक हातात आलं की अनुक्रमणिकेत वेण्यांची संख्या मोजू नका. वादीचं प्रकरण शोधा आणि त्यात चार गोष्टी आहेत का पाहा: कातड्याच्या कोणत्या भागातून वादी काढायची, कापून झाल्यावर किती ताणायची, जाडी एकसारखी कशी करायची आणि कोणत्या कडा कोणत्या बाजूनं तासायच्या. ‘बाजारातून लेस आणा’ एवढ्यावर हे प्रकरण उरकणारं पुस्तक पहिलं पुस्तक म्हणून घेऊ नका, त्यातली चित्रं कितीही देखणी असली तरी.

या चार गोष्टी नीट कळल्या की कोणतंही पुस्तक तपासता येतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लांब वादी चामड्याच्या गोल चकतीतून काढतात. चकती फिरवत फिरवत कडेपासून आत कापत जायचं, म्हणजे सांध्याशिवाय लांब पट्टी निघते. किती लांब, याचा हिशेब सोपा आहे: चकतीचं क्षेत्रफळ भागिले वादीची रुंदी. १५ सेंटिमीटर व्यासाची चकती घेतली आणि मधला ३ सेंटिमीटरचा तुकडा सोडून दिला, तर साधारण १७० चौरस सेंटिमीटर चामडं उरतं. ५ मिलिमीटर रुंदीची वादी काढली तर ३ मीटर ४० सेंटिमीटर मिळते. मधला भाग सोडायचा कारण तिथलं वळण फार आवळ असतं, ती वादी ओढून सरळ होत नाही. गोल कापलेली वादी सुरुवातीला स्प्रिंगसारखी वळते. ती ओली करून ताणायची आणि ताणलेल्या अवस्थेतच वाळू द्यायची. ताणली की ती अरुंद होते, आणि पोटाकडचं सैल चामडं पाठीकडच्यापेक्षा जास्त अरुंद होतं. म्हणून चांगलं पुस्तक सांगतं की वादी हव्या त्या रुंदीपेक्षा थोडी जास्त कापा, ताणा आणि मग शेवटच्या मापाला आणा. हा क्रम उलटा सांगणारी किंवा ताणण्याचा उल्लेखच नसलेली पुस्तकं आहेत. त्यांच्यावरून केलेला पट्टा दोन महिन्यांत लांबतो आणि पेडांमध्ये फटी पडतात.

कडा तासणं हे त्याच्याही पुढचं काम. पेड एकमेकांवरून जातात तिथे दोन जाडीच्या कडा एकमेकींवर टेकतात. कडा चौकोनी असतील तर वरचा पेड पुलासारखा उचललेला राहतो आणि खाली पोकळी राहते. मांसल, म्हणजे कातड्याच्या आतल्या, बाजूच्या दोन्ही कडांवरून बारीक तिरका काप घेतला की पेड एकमेकांत बसतात. कच्च्या कातड्यात दाणेदार, म्हणजे केसांकडच्या, बाजूच्या कडाही हलक्या मारून घेतात, कारण वाळल्यावर त्या हाताला कापतात. मॉर्गन यांचं पुस्तक पहिलं घ्या म्हणतो ते या कारणासाठी. ते लहान आहे, त्यात वेण्या मोजक्याच आहेत, पण ऑस्ट्रेलियातले आसूडकार कातड्याची वादी कशी करतात ते त्यात पायरीपायरीनं आहे.

आता चित्रांविषयी. विणताना तुमचे दोन्ही हात गुंतलेले असतात आणि डोळा पानावर असतो. चित्रात पेडांना अक्षरं किंवा आकडे हवेत, एका चित्रात एकच हालचाल हवी आणि पेड मागून जातो तेव्हा मागची बाजू वेगळी दाखवलेली हवी. फोटो देखणे असतात, पण तपकिरी पेडावरून तपकिरी पेड गेला की फोटोत काही कळत नाही. रेखाचित्रं केव्हाही बरी.

पुस्तक घेण्याआधी ऑनलाइन दुकानात नमुन्याची पानं दिसत असतील, तर गोल चौपेडीचं पान उघडा आणि बुटाच्या चार नाड्या घेऊन बसा. चार वेगवेगळे रंग मिळाले तर उत्तम. डावीकडून नाड्यांना १, २, ३, ४ म्हणा. १ उचला, मागून २ आणि ३ च्या खालून न्या, ३ आणि ४ च्या मधून वर काढा आणि ३ वरून परत डावीकडे आणा. आता क्रम २, १, ३, ४ झाला. मग उजवीकडची ४ घ्या, मागून ३ आणि १ च्या खालून न्या, २ आणि १ च्या मधून वर काढा आणि १ वरून परत उजवीकडे आणा. क्रम २, १, ४, ३. एवढंच आलटून पालटून. दर वेळी कडेचा पेड मागून दोघांखालून जातो आणि एकावरून परततो. आता पुस्तकातलं चित्र याच्याशी ताडून पाहा. ‘मागून’ हा भाग चित्रावरून कळत नसेल, फक्त पुढून एकमेकांवरून गेलेल्या रेषा असतील, तर त्या पुस्तकातली आठपेडी तुम्हाला कधीच कळणार नाही. तिथे कडेचा पेड मागून पलीकडे जातो, पलीकडच्या चार पेडांच्या बरोबर मधून वर येतो आणि दोघांवरून आपल्या बाजूला परततो. सगळं काम पाठीमागे चालतं.

ग्रँट यांच्या ग्रंथात ही बाजू भक्कम आहे. चित्रांची पानं आणि त्यांचं वर्णन जोडीनं येतं. कातडं तयार करण्यापासून लगाम, चाबूक, पट्टे, मुठीवरच्या गाठी असं सगळं त्यात आहे. पण तो क्रमानं शिकवणारा ग्रंथ नाही, तो कोश आहे. पहिल्या पानापासून वाचायला घेतलात तर कातड्यावरचे केस काढण्याच्या प्रकरणातच अडकाल. याच लेखकाचं १९५० चं ‘लेदर ब्रेडिंग’ आटोपशीर आहे. मोठा ग्रंथ परवडत नसेल किंवा मिळत नसेल तर ते चालेल. दोन्ही घ्यायची गरज नाही.

‘ॲशली बुक ऑफ नॉट्स’ची शिफारस सगळेच करतात. १९४४ चं हे पुस्तक गाठींचा महासागर आहे, त्यात ३८०० हून जास्त क्रमांकित नोंदी आहेत. पण ते दोरीचं पुस्तक आहे. दोरी गोल असते, तिला वरची-खालची बाजू नसते. वादीला दाणेदार आणि मांसल अशा दोन बाजू असतात, आणि दोरीसाठी काढलेल्या चित्रावरून वादी विणली की ती मधेच पलटून मांसल बाजू वर येते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, गाठींचा नाद लागल्यावर घ्या. आसूडच करायचा असेल तर मॉर्गन यांचंच ‘व्हिप्स अँड व्हिपमेकिंग’ आणि रॉन एडवर्ड्स यांचं ‘हाउ टू मेक व्हिप्स’ ही दोन आहेत. एडवर्ड्स यांची चित्रं हातानं काढलेली आणि फार स्पष्ट आहेत. पण आठपेडी गोफ सरळ, एकसारखा यायला लागेपर्यंत त्यांच्याकडे वळू नका. आसूडात पेड एकेक करून कमी होत जातात आणि जाडी टोकाकडे निमुळती होत जाते. पाया कच्चा असेल तर नेमकी तिथे घडी विस्कटते.

एक अडचण या सगळ्या पुस्तकांत येते ती मापांची. अमेरिकी पुस्तकं चामड्याची जाडी औंसात सांगतात. १ औंस म्हणजे इंचाचा ६४ वा भाग, साधारण ०.४ मिलिमीटर. म्हणजे ‘३ ते ४ औंस’ लिहिलं असेल तर धारावीच्या दुकानात १.२ ते १.६ मिलिमीटर मागा. एक अष्टमांश इंच वादी म्हणजे ३.२ मिलिमीटर, तीन सोळांश म्हणजे ४.८. ही चार-पाच मापं पुस्तकाच्या आतल्या मलपृष्ठावर पेन्सिलीनं लिहून ठेवा, रोज लागतात. शब्दांचंही तसंच. अमेरिकी लेखक ज्याला ‘रॉहाइड’ म्हणतात त्याला ऑस्ट्रेलियातले ‘ग्रीनहाइड’ म्हणतात. ते हिरवं नसतं, कच्चं असतं. अर्जेंटिनाच्या स्पॅनिश पुस्तकांत ‘टिएन्टो’ म्हणजे आपली वादी. स्पॅनिश येत नसलं तरी त्यांतली चित्रं वाचता येतात, गाठींसाठी ती सुरेख आहेत.

वादीची लांबी किती घ्यायची, यावर पुस्तकांत वेगवेगळे आकडे मिळतात आणि लोक गोंधळतात. कारण समजलं की गोंधळ राहत नाही. गोफात पेड साधारण ४५ अंशांत तिरका चालतो, म्हणून तयार लांबीच्या १.४ पट पेड लागतो. त्यात हातात धरायला आणि टोक बांधायला हवं. तेव्हा दीडपट अधिक १५ सेंटिमीटर धरा. ३० सेंटिमीटरच्या चावीच्या गोफाला प्रत्येक पेड ६० सेंटिमीटर. १२० सेंटिमीटरच्या दोन वाद्या कडीतून दुमडल्या की चार पेड तयार, म्हणजे वर सांगितलेल्या एका चकतीत हे काम सहज बसतं. सपाट तिपेडीला सव्वापट ते दीडपट पुरतं. घट्ट विणणाऱ्याला जास्त लागतं, सैल विणणाऱ्याला कमी.

गाभ्याचंही, म्हणजे गोफाच्या आत भरायच्या दोरीचंही, असंच गणित आहे आणि बरीच पुस्तकं ते सांगतच नाहीत. ४ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड असे आठ पेड घेतले, तर आत साधारण ५ मिलिमीटरचा गाभा बसतो. गाभा जाड झाला तर पेडांमध्ये फट पडून आतला रंग दिसतो. बारीक झाला तर पेड एकमेकांवर चढतात आणि गोफ पिळलेला दिसतो. पहिला वीतभर गोफ विणून, फळीखाली लाटण्यासारखा फिरवून पाहा. दोष लगेच दिसतो, तेव्हाच गाभा बदला.

गाठींमध्ये टर्क्स हेड ही सगळ्यांना हवी असते, मुठीवर पागोट्यासारखी बसणारी. तिच्यात दोन संख्या असतात: गाठीभोवती किती पदर फिरतात आणि कडेला किती कमानी येतात. या दोन संख्यांना १ सोडून दुसरा सामाईक विभाजक असेल, तर ती गाठ एकाच वादीत होत नाही. ३ पदर ५ कमानी होते, ५ पदर ४ कमानी होते, ४ पदर ६ कमानी होत नाही, कारण दोघांनाही २ नं भाग जातो. हा नियम न सांगता नुसत्या दहा गाठी पाठ करायला लावणारं पुस्तक तुम्हाला अकरावी गाठ देऊ शकत नाही.

आता कच्च्या कातड्याकडे येऊ, कारण मुंबईत पुस्तकं इथे सगळ्यात जास्त चुकतात. त्यांतली बरीच कोरड्या प्रदेशासाठी लिहिलेली आहेत, उदाहरणार्थ अमेरिकेचा पश्चिम भाग. कच्चं कातडं भिजवून, ओल्या कापडात गुंडाळून रात्रभर ठेवायचं आणि ओलावा सगळीकडे सारखा मुरला की विणायचं. स्पर्शाला गार लागलं पाहिजे, पण दाबल्यावर पाणी दिसता कामा नये. ओलं विणलं तर वाळताना आकसून फटी पडतात, कोरडं विणलं तर वळणावर तडा जातो. इथवर सगळी पुस्तकं बरोबर सांगतात. पुढे ‘रात्रभर वाळू द्या’ म्हणतात ते आपल्याकडे जुलैत चालत नाही. दोन-तीन दिवस पंख्याखाली ठेवावं लागतं, तरी आतला भाग दमट राहतो आणि वर पांढरी बुरशी धरते. उन्हात ठेवलं तर वरचा थर आधी आवळतो आणि गोफ वाकडा होतो. तेल चोळण्याच्या सूचनाही निम्म्यानं पाळा. कोरड्या हवेत कातड्याला जेवढं तेल लागतं तेवढं इथे दिलं तर कच्चा गोफ लुळा पडतो आणि त्याचा ताठपणाच जातो.

चुना लावून केस काढून कच्चं कातडं घरी तयार करण्याची प्रकरणं सरळ ओलांडा. वास, दाहक चुना आणि शेजारी, तिन्ही कारणं पुरेशी आहेत. त्याऐवजी तबला-ढोलकी दुरुस्त करणाऱ्याकडे जा. तबल्याची वादी हे तयार, कापलेलं कच्चं कातडंच आहे, आणि पुडीभोवतीचा (तबल्याच्या तोंडावरच्या कातड्याभोवतीचा) गजरा ही त्याच कातड्याची वेणी. गजऱ्यातल्या सोळा घरांतून वादी कशी जाते ते जवळून पाहा, ओली वादी वाळल्यावर किती आवळते हे तिथे जितकं कळतं तितकं पुस्तकात कळत नाही. वादीची जाडी मात्र कमी-जास्त असते. रापीनं, म्हणजे चामडं तासायच्या सुरीनं, मांसल बाजूनं तासून सारखी करून घ्या.

चामडं घेताना पुस्तकातला ‘काफ’ (वासराचं चामडं) किंवा ‘कांगारू’ शोधत फिरू नका. कांगारूच्या कातड्यातले तंतू पृष्ठभागाला समांतर असतात, म्हणून ते पातळ तासलं तरी तुटत नाही. त्याची बरोबरी करणारं इथे काही मिळत नाही. २०१५ पासून राज्यात गायीसोबत बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे स्थानिक माल म्हणजे म्हैस आणि बकरी. बकरीचं ०.८ ते १ मिलिमीटरचं चामडं बारीक गोफाला चांगलं, पण ताणतं फार, म्हणून दोनदा ताणून घ्या. म्हशीचं रांगडं आणि जाड असतं, ते पट्ट्याला आणि कुत्र्याच्या दोरीला वापरा. सायन-बांद्रा लिंक रोडच्या दुकानांत ‘वनस्पती कमाईचं’, म्हणजे झाडांच्या साली-फळांनी कमावलेलं (व्हेज टॅन) मागा. न रंगवलेल्या तुकड्याची कापलेली कड पाहा. ती निळसर-करडी असेल तर क्रोम कमाई (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं) आहे, ते मऊ असतं पण वादी रबरासारखी लांबते. वर रंगाचा प्लास्टिकसारखा थर असलेलं चामडं तर नकोच, कड तासली की थर सुटतो. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कोल्हापुरी चपलेचं चामडं मिळालं तर सपाट वेण्यांसाठी त्याच्यासारखं दुसरं नाही. कोल्हापुरीच्या पट्ट्यावरची वेणीही एकदा भिंगाखाली पाहा, पेड किती सारखे आहेत ते.

पुस्तक शक्यतो छापील घ्या. मोबाइलवर रेखाचित्रं इतकी बारीक होतात की वर-खाली कळत नाही, आणि स्क्रीन सारखी विझते. छापील पुस्तक उघडं राहत नसेल तर जवळच्या झेरॉक्सवाल्याकडून कणा कापून स्पायरल करून घ्या. पुस्तकाचा जीव गेल्यासारखं वाटतं, पण या कामात पान सपाट राहणं जास्त महत्त्वाचं.

आणि हंगाम पाहून सुरुवात करा. पावसाळा तोंडावर असेल तर कच्च्या कातड्याची प्रकरणं दिवाळीपर्यंत बाजूला ठेवा आणि चार महिने फक्त चामड्याच्या वाद्या काढा. रोज एक चकती, रुंदी ५ मिलिमीटर, दर हातभर अंतरावर व्हर्नियर कॅलिपरनं मोजायची. फरक पाव मिलिमीटरच्या आत आला की मग ग्रँट यांची आठपेडी उघडा.